चौपट पाहुणा

परदेशी मालकाचं काम पोर्तुगालमध्ये बसून करणाऱ्यांसाठी त्या देशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये खास व्हिसा काढला. मुख्य अट पैशाची: मिळकत तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी. २०२५ मध्ये ते वेतन महिना ८७० युरो होतं, म्हणजे अशा पाहुण्याला ३,४८० हवे होते. ज्या रकमेत लिस्बनच्या वेटरने महिना काढावा, तिच्यात पाहुण्याचा जेमतेम आठवडा निघेल, ही सरकारचीच कबुली, तीही कायद्यात! पाहुणा कुणाची नोकरी हिरावत नाही, उलट खर्चच करतो, असं समर्थक म्हणतात. खरंय, पण हे घरमालकांनाही कळतं, आणि भाडं वेटरचा खिसा बघून ठरत नाही. एकेकाळी पोर्तुगीज राजवटीत असलेल्या गोव्यातल्या काहींना मात्र पगाराचा पुरावा लागतच नाही, कारण ते थेट पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतात. १९६१ च्या मुक्तीआधी तिथे जन्मलेले, पोर्तुगीज दप्तरात नोंदलेले आजोबा असले, की तो दावा करता येतो.