खाडाखोडवाले गुरुजी

वसमतच्या मोंढ्यात हळदीचं बीट सुरू व्हायच्या आधी चहाच्या टपरीवर एक गृहस्थ हमखास दिसतात. काखेत प्लास्टिकची फाइल, खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर थेट अमेरिकेच्या तिजोरीची काळजी. हे आमचे गुरुजी. पोरगा एमएस करायला तिकडं गेला की बापाचं असं होतंच. वसमतपासून नांदेडपर्यंत आता गल्लीगणिक एक सापडतो.

34 वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच गोष्ट शिकवली: खाडाखोड करायची नाही. एका खोडलेल्या वेलांटीपायी मी स्वतः छड्या खाल्ल्यात. तोच माणूस आता टपरीवर सांगतो, "अरे, खाडाखोडीला सरकारनं फॉर्म दिलाय!"

झालं असं, की पोरानं तिकडचं रिटर्न 1040 वर भरलं. तो फॉर्म तिथल्या रहिवाशांचा. एफ-1 व्हिसावरचा विद्यार्थी साधारण पहिली 5 वर्षं करापुरता परकाच, त्याला 1040-एनआर. चूक निस्तरायला 1040-एक्स. आणि एका डॉलरची कमाई नसली तरी 8843 द्यायचाच. गुरुजींना हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. खरा जीव मात्र 1989 च्या भारत-अमेरिका करारावर. त्याच्या 21 व्या कलमामुळं आपल्या पोरांना तिथली प्रमाणित वजावट मिळते, बाकी बहुतेक देशांच्या पोरांना नाही. "एकोणनव्वदलाच मी नोकरीला लागलो बरं का," ते म्हणतात, जणू वाटाघाटीला हेच बसले होते.

व्याजावरून मात्र घरात महाभारत झालं. शैक्षणिक कर्जाचं व्याज अमेरिकेत वर्षाला 2500 डॉलरपर्यंत वजा होतं. आपल्याकडं 1961 च्या कायद्यातल्या 80ई ला रकमेची मर्यादाच नाही, फक्त 8 वर्षांची. व्याज एक, दावेदार दोन. "व्याज माझ्या पगारातून जायलंय, वजावट तुझी कशी रे?" हा सवाल रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉलवर झाला, तो अख्ख्या गल्लीनं ऐकला. पोरगा हरला.

आणि जिंकून गुरुजी फसले. दोन वर्षं त्यांनी व्याज दाखवलंच नव्हतं, आणि सुधारित रिटर्नची मुदत त्या त्या वेळच्या 31 डिसेंबरलाच संपलेली. अमेरिका दुरुस्तीला साधारण 3 वर्षं दार उघडं ठेवते, हे पोरानं नेमकं त्याच दिवशी सांगितलं. मग कुणीतरी कानात सांगितलं, 2022 पासून 'अद्ययावत विवरणपत्र' निघालंय, मागच्या वर्षांचंही भरता येतं. गुरुजी सकाळी आंघोळ करून, गंध लावून करसल्लागाराकडं गेले. आले ते गप्प. त्या फॉर्मवर जास्तीचा कर भरता येतो, परतावा मागता येत नाही.

"आडत्यासुद्धा पट्टी चुकली तर दोन्ही बाजूंनी दुरुस्त करतो," संध्याकाळी एवढंच बोलले.

उरला विलंबमाफीचा अर्ज, कलम 119. त्याचा मसुदा त्यांनी 7 वेळा लिहिला. सातव्यात एक वेलांटी खोडावी लागली, म्हणून आठव्यांदा.

तुमचं पोरगं बाहेर शिकत असेल तर गुरुजींना जरूर भेटा. चहा तेच पाजतात. बँकेचा व्याजाचा दाखला घेऊन जा. मुद्दल त्यात धरू नका, ओरडतात. कर्ज सावकाराचं किंवा मेव्हण्याचं असेल तर जाऊच नका, ते 80ई त बसत नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर तेवढं बोलू नका. तिथं ही वजावटच नाही, आणि गुरुजींना बीपीचा त्रास आहे.