स्टिकरलेखक महोदयांस अनावृत पत्र

लॅपटॉपवर, मनगट टेकतं तिथे, चंदेरी अक्षरांत ‘सराउंड’, ‘स्टुडिओ’, ‘सिनेमा’ असे शब्द छापणारे महोदय यांस,

स. न. वि. वि.

प्रथम आपल्या प्रतिभेला मानाचा मुजरा. बोटभर जाडीच्या यंत्रात, बॅटरी आणि पंखा यांच्यामधून उरलेल्या फटीत दोन स्पीकर कोंबायचे आणि त्याला थिएटर म्हणायचं, याला कवीचंच काळीज हवं. कवीला प्रवासाचं मात्र वावडं असावं. नाही तर मांडवी एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात बसून त्याने एकदा तरी लॅपटॉपवर विलंबित ख्याल लावला असता.

समजा, लावला. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. इतका खालचा स्वर नीट ऐकू यायचा तर भरपूर हवा ढकलावी लागते, आणि आपल्या स्पीकरचा पडदा एवढासा. खर्ज आला की तो हात जोडतो. तरीही तंबोरा ऐकल्यासारखा वाटतो, कारण त्या तारेतून उमटणारे वरचे स्वयंभू स्वर कानापर्यंत पोचलेले असतात आणि मूळ स्वर मेंदू पदरचा घालतो. म्हणजे स्टिकरवर लिहिलेलं अर्धं काम गिऱ्हाईकाचा मेंदू बिनपगारी करतो! डग्ग्यापाशी मात्र मेंदूही फारशी मदत करत नाही. मनगट दाबून काढलेला घुमारा बराचसा गळून पडतो आणि मागे उरते ती पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखी टकटक.

त्यात आपल्या बऱ्याच लॅपटॉपांचे स्पीकर तोंड खाली करून बसवलेले. टणक टेबलावर हे खपून जातं. आवाज आपटून वर येतो. बर्थवर टेबल कुठलं? तिथे तो सोलापुरी चादरीतच जिरतो. लॅपटॉपखाली एखादा जाडजूड दिवाळी अंक सरकवला तर फरक लगेच कळतो. (संपादकांनी हे मनाला लावून घेऊ नये.)

रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदा लागतो. लांबी साडेसहा किलोमीटर, खिडक्या उघड्या, आणि चाकांचा खडखडाट भिंतीवर आदळून पुन्हा डब्यात. इथे प्रवासी काय करतो? आवाज वाढवतो. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये तो १००च्याही पुढे नेता येतो, आणि तिथे ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जाऊन तान चिरकायला लागते. खडखडाट आहे तिथेच असतो, शेजारच्या आजींची झोप तेवढी जाते. अशांसाठीच रेल्वे मंत्रालयाने जानेवारी २०२२मध्ये रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांवर कारवाईचे आदेश काढले. आपल्या ‘सराउंड’ शब्दाची एवढी गंभीर दखल दुसऱ्या कुठल्या मंत्रालयाने घेतल्याचं ऐकिवात नाही.

बोगद्यात नेटवर्कही जातं. त्याआधी ते क्षीण होतं, आणि ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलेलं स्ट्रीमिंग ॲप न सांगता आवाजाचा दर्जा उतरवतं. तेव्हा मैफल आदल्या रात्री घरच्या वायफायवर, सर्वांत वरचा दर्जा निवडून उतरवून घ्यावी. या कामाला स्टिकर लागत नाही.

गोंगाटाशी कसं वागावं, हे अमर बोस यांना विचारावं. बंगाली वडिलांचा हा अमेरिकन मुलगा, एमआयटीत प्राध्यापक. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीमुळे त्यांना संगीताचा आनंदच घेता येईना. आवाज वाढवण्याऐवजी त्यांनी तिथेच कागदावर गणित मांडलं: बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलटी लहर कानाशी सोडली तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतील. त्या गणितातून वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ साल उजाडलं. मधली अकरा वर्षं अभियंत्यांची गेली. त्यांच्या जागी आपण असता तर स्टिकर त्याच आठवड्यात आला असता.

ही युक्ती इंजिनाच्या, एसीच्या सलग घरघरीवर उत्तम चालते. ‘चाय गरम’वर तिची मात्रा तितकीशी चालत नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे.

महागडे हेडफोन परवडत नाहीत त्याने निराश व्हायचं कारण नाही. कानात बसणारे साधे वायरवाले इअरफोन प्रवासात मोठमोठ्यांना लाजवतात, फक्त टोकाचं रबर नीट बसायला हवं. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी जादा रबरं येतात. लोक मधलं लावून मोकळे होतात आणि उरलेली पिशवी ड्रॉवरमध्ये पडून राहते. रबर सैल बसलं की बाहेरचा खडखडाट आत येतो आणि खर्ज त्याच फटीतून निघून जातो. माप बदललं की डग्गा परत येतो, आणि आवाजही खाली आणता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. त्याहून मोठा आवाज असेल तर तास झपाट्याने घटतात. कोकणात नेमाने जाणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

कळावे, लोभ असावा.

खिडकीपाशी बसलेल्या समस्त श्रोत्यांतर्फे

ता. क. – दोन तक्रारी राहिल्याच. लॅपटॉप चार्जिंगला लावला की वायरवाल्या इअरफोनमध्ये कधीकधी बारीक गुणगुण सुरू होते. ती बहुधा चार्जरच्या वाटेने आलेली असते. प्लग काढून पाहावा, मैफलीपुरती बॅटरी पुरते. दुसरी तक्रार ब्लूटूथची. ऑफिसची मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माइक जागा झाला की बऱ्याच हेडफोनांमध्ये स्टिरिओ जाऊन फोनवरचा दबका, एकेरी आवाज येतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडला की तो प्रकार बहुतेक वेळा थांबतो. मग पलीकडच्या साहेबांना वडेवाल्याची आरोळी ऐकू येते, पण त्याला आपला नाइलाज आहे.