कोऱ्या सनदेची पॅकेजे
पायथॉन या संगणकभाषेच्या दप्तरात एका फाइलीस मॉड्यूल म्हणावे, अशा फाइली ज्या फोल्डरात नांदतात त्यास पॅकेज म्हणावे, आणि तरीही प्रत्येक पॅकेज तत्त्वतः मॉड्यूलच समजावे, असा जो शिरस्ता आहे, तो पाहून पेशवाईतील कारकूनही लेखणी खाली ठेवता. फोल्डरास ही पदवी मिळण्यास पूर्वी ‘इनिट’ नामक, बहुधा कोऱ्याच, फाइलीची सनद लागे. २०१२ साली ३.३ या आवृत्तीने तीही अट शिथिल केली. शिवाय पायपीआय या कोठारातून जे उतरवून घ्यावे, तेही पॅकेजच! तेथे ‘पिलो’ मागावी आणि घरी आणल्यावर तिला ‘पीआयएल’ अशी हाक मारावी. लग्नात नाव बदलण्याची चाल आमच्याकडेही होती. परंतु नवे नाव निदान तांदळात लिहून चार माणसांस दाखवीत.