कूलर ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्या मेकॅनिकभाऊंना खुले पत्र

मेकॅनिकभाऊ,

पत्र्याच्या कूलरचा रेग्युलेटर गेला म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही जाळी काढलीत, पक्कड चालवलीत आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत मोकळे झालात. “डायरेक्ट करून दिलंय, आता कटकट नाही,” म्हणालात. तुमची कटकट तिथंच संपली. आमची त्याच रात्री सुरू झाली.

आता आमच्या कूलरला एकच स्पीड. चालू म्हणजे फुल, नाहीतर बंद. तक्रार केली तर तुम्ही वर आम्हालाच विचारलंत, डोंगरकड्याच्या उन्हाळ्यात स्लो कशाला लागतो? सांगतो. हळद शिजवून वाळत घालायच्या दिवसांत उन्हातून आलेल्या माणसाला दुपारी फुलच लागतो, त्यात वाद नाही. पण मध्यरात्र उलटली की बाहेरची हवा उतरते. आजीचे गुडघे धरतात, बाळ कुडकुडतं, सगळे चादरी ओढतात. कूलर बंद करावा तर थोड्या वेळात घाम आणि डास. मग सून उठते, बटण दाबते, पुन्हा उठते, पुन्हा दाबते. पहाटे तिलाच रानात जायचं असतं. जे काम एका खटक्याचं होतं, ते तुम्ही तिच्या झोपेवर टाकलंत.

“जितका जोर जास्त तितका गारवा जास्त,” हे तुमचं शास्त्र. त्याचंही बघू. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. बाहेर 42 अंश तापमान आणि हवेत 20 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या गवतातून आलेली हवा फार तर 24 अंशांच्या आसपास उतरू शकते, तीही गवत नीट भिजलेलं असेल तर. पंख्याचा जोर कितीही वाढवा, त्याखाली ती जात नाही. उलट हवा झपाट्याने ओढली गेली की तिला गवतात थांबायला वेळ मिळत नाही आणि पाण्याचे शिंतोडे थेट अंथरुणावर येतात. पाणीही लवकर संपतं. एप्रिल-मे महिन्यात घरात हंडे मोजून वापरायचे आणि टाकी मात्र रात्रीतून पुन्हा भरायची, हा हिशेब तुम्ही आमच्या बायकांना समजावून सांगाच.

इथवरचं एक वेळ सोसलं असतं. पण परवा पिन काढून जाळी उघडली आणि तुमची कारागिरी जवळून पाहिली. मोटारीतून हाय, मीडियम आणि लो अशा वेगवेगळ्या तारा येतात. तुम्ही हायची तेवढी मेनला जोडलीत. बाकीच्या दोन कापून, टेपचा एकेक वेढा मारून पाण्याच्या पंपाशेजारी कोंबल्यात. दमटपणाने टेप सुटली होती आणि तांबं उघडं पडलं होतं. भाऊ, त्या तारा मेलेल्या नसतात. त्याच वाइंडिंगमधून निघालेल्या असल्यामुळे मोटार फिरत असताना त्यांच्या टोकांनाही व्होल्टेज असतं. त्यातली एक जरी ओल्या पत्र्याला टेकली, तर सगळी बॉडी करंट मारते.

आणि अर्थिंग? पिन बोर्डात नीट बसत नव्हती, म्हणून तिसरी तारही तुम्हीच कापलीत. म्हणजे बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला एकच वाट ठेवलीत, कूलरला हात लावणाऱ्या माणसाची. ओल्या हाताने, अनवाणी, खाली ओली फरशी. अशा वेळी फ्यूज वाचवत नाही, कारण माणूस मरायला लागणारा करंट फ्यूज उडवायला पुरत नाही. 30 मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडणारा आरसीसीबी खेड्यातल्या किती घरांत आहे, हे रोज घरोघर फिरणाऱ्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दर उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरंही जातात. पाणी भरताना कूलर बंद करून पिन काढा, थ्री पिन वापरा, अर्थिंग तपासा, असं महावितरण लोकांना सांगत असतं. लोकांनी ते ऐकायलाच हवं. पण पिनेतली तिसरी तारच मेकॅनिकने कापलेली असेल, तर बाईने पाणी भरताना आणखी कोणती काळजी घ्यायची?

तुमच्या हातात कसब आहे, ते मी बघितलंय. जळालेली मोटार तुम्ही पुन्हा फिरती करता, आणि गावाला तुमची गरज आहे. म्हणूनच हे तुमच्या तोंडावर लिहितोय. स्पीडचा तो स्विच तुमच्या त्या दिवशीच्या मजुरीपेक्षा स्वस्त होता. तो आणायला दुकानापर्यंत जायचा कंटाळा केलात.

आता येत्या रविवारी या. स्पीडचा नवा स्विच, थ्री पिन आणि तीन तारांची केबल घेऊन या. तिन्ही स्पीड जोडा, अर्थिंग बॉडीला घट्ट आवळा आणि आमच्यासमोर टेस्टर लावून दाखवा. पैसे रोख देईन. त्यानंतर या उन्हाळ्यात ज्या-ज्या घरी ‘डायरेक्ट’ केलंय, त्या घरांची यादी काढू. सगळीकडे मी तुमच्यासोबत येतो.

कळावे,
डोंगरकड्याचा तुमचा एक गिऱ्हाईक