एकशे तीस टक्के हापूस

आमच्या महाविद्यालयात प्रत्येक प्राध्यापकाला एक विषय येतो, असा गावात समज आहे. मला व्यापारी कायदा येतो. म्हणजे करार अधिनियम १८७२, मालविक्री अधिनियम १९३० आणि भागीदारी अधिनियम १९३२ हे तिन्ही मी झोपेत शिकवू शकतो आणि वाणिज्य शाखेची मुलं ते झोपेतच ऐकू शकतात. या व्यवस्थेबद्दल दोन्ही पक्षांची कधी तक्रार नव्हती. पण नॅकच्या मूल्यांकनाची तारीख जवळ आली आणि प्राचार्य पुण्याहून कसलीशी कार्यशाळा करून परतले.

"राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० कुणी वाचलंय?" त्यांनी सभेत विचारलं. सगळ्यांनी माना अशा हलवल्या की होकार समजावा की नकार, ते त्यांनीच ठरवावं. "त्यात पानोपानी काय लिहिलंय? आंतरविद्याशाखीय! यापुढे एका विषयाचं संशोधन चालणार नाही."

शून्य विषयांचं चालत आलं होतं, हे कुणी बोललं नाही.

स्टाफरूममध्ये माझ्या एका बाजूला शिक्षणशास्त्राचे सर बसतात, दुसऱ्या बाजूला मानसशास्त्राच्या मॅडम. आम्हा तिघांत समान धागा एकच. तिघांचीही पदोन्नती एकेका शोधनिबंधावाचून अडलेली. मॅडमचा विशेष अभ्यास आरोग्य मानसशास्त्राचा, म्हणजे माणसं आजारी का पडतात यापेक्षा आजारी पडूनही औषध का घेत नाहीत, याचा. सरांचा अभ्यास प्रौढांच्या प्रशिक्षणाचा. मी आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यावर एक उजळणी वर्ग केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र अजून माझ्याकडे होतं. या तीन विषयांना एकत्र बांधणारी वस्तू जगात कोणती, यावर आम्ही बराच खल केला. शेवटी उत्तर माझ्या आजोळी सापडलं. हापूस.

माझ्या मामाची देवगड तालुक्यात बाग आहे. हापूस परदेशी पाठवायचा तर कीड-रोगांविषयीचे नियम आडवे येतात. हे नियम सॅनिटरी अँड फायटोसॅनिटरी करारात बसतात. १ जानेवारी १९९५ला जागतिक व्यापार संघटना जन्माला आली, तिच्याबरोबरच हा करारही अमलात आला. जवळचे लोक त्याला एसपीएस म्हणतात. हा झाला माझा कायदा. तो बागायतदारांना शिकवायचा, हे सरांचं शिक्षण. आणि शिकल्यावर त्यांच्या मनावरचा ताण किती उतरला ते मोजायचं, हे मॅडमचं आरोग्य. निबंधाचं नाव पाच ओळींचं झालं. प्राचार्यांनी ते वाचलं आणि निबंध लिहूनच झाला असल्यासारखं आमचं अभिनंदन केलं.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "ये, पण मोहोर गळून पडलो हा, पावसान वाट लावल्यान. आता तू येवन काय इचारतलस?"

"ताण आहे का, ते विचारणार आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "तुज्या आवशीक फोन दी."

तरीही आम्ही गेलो. वाडीतल्या शाळेचा व्हरांडा मिळाला. मॅडमनी प्रश्नावली आणली होती. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली जाणवणारा ताण मोजायची जी फूटपट्टी बनवली, तिचं दहा प्रश्नांचं रूप. गेल्या महिन्यात अमुक असं किती वेळा वाटलं, आणि पुढे पाच खण, 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत. गंमत अशी की दहापैकी सहा प्रश्न सरळ आहेत आणि चार उलटे. सरळ प्रश्न विचारतात, किती वेळा चिडचिड झाली. उलटे विचारतात, किती वेळा सगळं मनासारखं चाललंय असं वाटलं. गुण देताना उलट्यांचे आकडे फिरवून घ्यायचे. माणूस न वाचता फुल्या मारत सुटला तर पकडला जावा, यासाठी ही योजना कामी येते.

आमची योजना कुठे पकडली जाणार, हे अजून समोर यायचं होतं.

लोक मात्र भरपूर आले. मॅडमना याचं फार अप्रूप वाटलं. अमेरिकेत १९५०च्या दशकात सरकारी आरोग्य खात्याने क्षयरोगाची क्ष-किरण तपासणी फुकट ठेवली, गाडी लोकांच्या दाराशी नेली, तरी लोक फिरकेनात. ते का येत नाहीत याचा शोध घेता घेता तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी आरोग्य-श्रद्धा प्रतिमान नावाचा सिद्धांत मांडला. आमच्याकडे लोक आले कारण मामाने सांगितलं होतं की दुपारी कोंबडीवडे आहेत. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने जेवणाचा विचार केला असता तर मॅडमच्या पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण कमी झालं असतं.

प्रश्नावल्या वाटल्या. मामा उठून उभा राहिला आणि त्याने वरच्या वाडीला उद्देशून संशोधनाची नीतितत्त्वं समजावून सांगितली. "शेवटच्या खणात फुली मारा रे सगळ्यांनी. भाच्याच्या नोकरीचो प्रश्न आसा." वरच्या वाडीने दहाही प्रश्नांना शेवटचा खण पकडला. चिडचिड? नेहमी. सगळं मनासारखं? तेही नेहमी. खालच्या वाडीच्या म्होरक्याचं आणि मामाचं एका बांधावरून वाजलेलं. त्याने हे ऐकलं आणि आपल्या माणसांना पहिला खण नेमून दिला. चिडचिड? कधीच नाही. मनासारखं? कधीच नाही. संमतीपत्रावर मात्र दोन्ही वाड्यांनी मन लावून सह्या केल्या. तिथे सरकारी कागद ओळखीचा वाटला असावा.

रक्तदाबही मोजायचा होता. मॅडम पट्टा गुंडाळत आणि मी आकडे लिहून घेत होतो. हे काम थोडक्यात आवरावं लागलं. एका आजींनी आपला दाब पाहून घेतल्यावर सुनेचा किती आहे, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा आग्रह धरला आणि सून उठून निघून गेली. सुनेचा दाब बहुधा त्या दिवसातला सर्वांत अस्सल आकडा ठरला असता.

मग माझं व्याख्यान. मी माराकेशपासून सुरुवात केली. १५ एप्रिल १९९४ला मोरोक्कोतल्या त्या शहरात करारावर सह्या झाल्या वगैरे. पहिल्या रांगेतले एक आजोबा इतक्या गाढ एकाग्रतेने ऐकत होते की त्यांचं घोरणं मागपर्यंत पोचत होतं. मी कलमं गुंडाळली आणि आंब्यावर आलो. १९८९ पासून अमेरिकेने आपला आंबा बंद ठेवला होता, तो २००७ मध्ये उघडला. पण अट अशी की किडीचा बंदोबस्त म्हणून फळाला ४०० ग्रे मात्रेचं विकिरण द्यायचं. तशी सोय तेव्हा होती नाशिक जिल्ह्यात, लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण केंद्रात. ते उभं राहिलं होतं कांद्यासाठी.

एक हात वर झाला. "म्हणजे आंब्यान अमेरिकेक जावच्या आदी कांद्याच्या गावाक जावचा?"

"हो."

"मगे वास नाय लागणा?"

एसपीएस कराराच्या पाचव्या कलमात जोखमीच्या मूल्यमापनाची तरतूद आहे, पण वासाबद्दल काही नाही. मी पुढे सरकलो. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशी सापडली म्हणून हापूस रोखला, आणि त्याच आदेशात चार भाज्याही, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. आंब्याची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. माझ्या अपेक्षेप्रमाणे इथे सभा हळहळायला हवी होती. सभा भलत्याच मुद्द्यावर पेटली. "थयसर अळू कोण खाता?" हा प्रश्न आला आणि अर्धा तास तोच चालला. एका काकूंचं म्हणणं, की त्या लोकांना चिंच घालायची माहिती नसणार, घशाला खाज आली असणार आणि म्हणूनच बंदी घातली असणार. व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या कागदपत्रांत मी याहून दुबळे युक्तिवाद वाचलेले आहेत.

शेवटी मी तक्रार कुठे करायची ते सांगितलं. दोन देशांत वाद झाला तर आधी तज्ज्ञ समिती, तिचा निकाल मान्य नसेल तर सात सदस्यांचं अपील मंडळ. एका अपिलाला तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या, सदस्य एकेक करून निवृत्त होत गेले आणि डिसेंबर २०१९ पासून तिथे अपील ऐकायला पुरेशी माणसंच नाहीत.

"कोर्ट आसा, पण न्यायाधीश नाय?" खालच्या वाडीच्या म्होरक्याने विचारलं.

"तसंच."

"मगे ह्या आमच्या बांधाच्या केशीसारख्याच झाला." आणि त्याने मामाकडे पाहिलं. मामानेही त्याच्याकडे पाहिलं. त्या दोघांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं असेल, तर ते जागतिक व्यापार संघटनेमुळे. हे निष्कर्षात घालावं असं मी सुचवलं. सर म्हणाले, त्याला परिमाण नाही.

सरांकडे परिमाण होतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या गृहस्थांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला आवडलं का, तो शिकला का, त्याचं वागणं बदललं का आणि शेवटी काही फायदा झाला का. सरांनी पहिल्या पायरीचे कागद वाटले. आलेल्या अभिप्रायांत व्याख्यानाविषयी काहीच नव्हतं. 'वडे गरम होते', 'सोलकढी कमी पडली', 'पुढच्या वेळी आंबोशीचं लोणचं ठेवावे'. सर म्हणाले, बहुतेक प्रशिक्षणं पहिल्या पायरीच्या पुढे जातच नाहीत. आपण जागतिक दर्जाचे आहोत.

प्रशिक्षणानंतर प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची होती. ती भरायच्या आत खालच्या वाडीत एक बातमी पोचली, की ज्यांना ताण आहे त्यांना सरकार अनुदान देणार आहे, वरच्या वाडीने म्हणूनच सगळं 'नेहमी' भरलंय. ही बातमी कुणी सोडली ते मला ठाऊक नाही. मामा तेव्हा मिशीत हसत होता, एवढंच नोंदवतो. दुसऱ्या फेरीत खालच्या वाडीनेही सरसकट शेवटचा खण पकडला.

कागदांचा गठ्ठा घेऊन आम्ही संख्याशास्त्राच्या तासिका तत्त्वावरच्या मुलाकडे गेलो. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा त्याला जास्त येतं आणि म्हणूनच त्याला तासावर पैसे मिळतात. प्रश्नावलीची विश्वासार्हता क्रॉनबाखच्या अल्फाने मोजतात. ली क्रॉनबाखने तो १९५१ साली प्रसिद्ध केला. तो शून्य ते एकच्या दरम्यान असावा आणि ०.७० च्या वर गेला तर संशोधक पेढे वाटतात.

"सर, उणे आलाय," मुलगा म्हणाला.

"किती?"

"उणे १.६७. असा मी पुस्तकातसुद्धा पाहिलेला नाही."

त्याने समजावून सांगितलं. सगळ्यांनी एकच खण धरल्यामुळे उलटे प्रश्न फिरवल्यावर सहा आकडे एका दिशेला जातात आणि चार विरुद्ध दिशेला. वरच्या वाडीचे गुण झाले ४० पैकी २४, खालच्या वाडीचे १६. आणि प्रचलित तक्त्यानुसार १४ ते २६ म्हणजे मध्यम ताण. ज्यांना सगळंच नेहमी वाटतं आणि ज्यांना कधीच काही वाटत नाही, ते दोघंही शास्त्राच्या लेखी मध्यम ताणात होते. मॅडमनी डोकं धरलं. मला हा निष्कर्ष मनापासून पटला.

दुसऱ्या फेरीचा अल्फा निघालाच नाही. सगळ्यांचे गुण तंतोतंत २४. फरक शून्य, आणि शून्याने भागायला संगणकाने नकार दिला. निष्कर्ष मात्र स्वच्छ मिळाला. माझ्या व्याख्यानामुळे खालच्या वाडीचा ताण सरासरी आठ गुणांनी वाढला होता. विद्यार्थ्यांनी हे कधीच सांगितलं असतं, पण त्यांना कुणी प्रश्नावली दिली नव्हती.

निबंध परिषदेला गेला. तपासणीचे शेरे आले. व्यापार कायद्याच्या तज्ज्ञाने लिहिलं होतं, मानसशास्त्रीय भाग अत्यंत सखोल, कायद्याची मांडणी मात्र उथळ. मानसशास्त्राच्या तज्ज्ञाला कायद्याचा भाग मौलिक वाटला आणि मापन हास्यास्पद. शिक्षणशास्त्राच्या तज्ज्ञाने उरलेल्या दोन्ही भागांचं कौतुक केलं. ज्याला जे येत नव्हतं ते त्याला आवडलं होतं. बेरीज करता सगळाच निबंध चांगला ठरत होता, आणि तो स्वीकारला गेला.

इथे खरा व्यापारी तंटा उभा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोनहून अधिक लेखक असले तर मुख्य लेखकाला निबंधाचे ७० टक्के गुण आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे आमच्या तिघांत मिळून १३० टक्के. एका वस्तूचे १३० टक्के वाटणारी संस्था मी इतक्या वर्षांच्या अध्यापनात पाहिली नव्हती. मी भागीदारी अधिनियमाचं कलम १३ काढून दाखवलं, की वेगळा करार नसेल तर भागीदारांचा हिस्सा समान. मॅडम म्हणाल्या, फूटपट्टी माझी. सर म्हणाले, संगणकातली फाईल माझ्याकडे आहे. मुख्य लेखक सर झाले.

मे महिन्यात मामाने पेटी पाठवली, वर चिठ्ठी, 'तिगा संशोधकांक'. चार डझनी. सरांनी आयोगाच्या सूत्राने वाटप मांडलं. त्यांना ३३.६ आंबे, आम्हा दोघांना प्रत्येकी १४.४. एकूण ६२.४. पेटीत ४८. उरलेले १४.४ आंबे आयोगाकडे मागावेत का, याचा विचार चालू असतानाच प्राचार्य आत आले. "मार्गदर्शन आमचंही होतं बरं का," असं म्हणून त्यांनी बरोबर आणलेल्या पिशवीत एक डझन मोजून घेतला. पिशवी बरोबर का आणली होती, हे विचारायची आमची श्रेणी नाही.

राहिले ३६. तेव्हा कुठे माझं कलम १३ सर्वांना पटलं आणि प्रत्येकी बारा आले. माझ्या बारांतल्या दोन आंब्यांत कापल्यावर साका निघाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच कलमाचा पुढचा भाग वाचून दाखवायला गेलो, की नफ्याप्रमाणे तोटाही भागीदारांनी सारखाच सोसायचा असतो. दोघांनाही नेमका तेव्हाच तास होता.