दुसऱ्या भागाची स्वारी : तंजावरात ‘सुपर कॉन्ट्रा’ पुन्हा खेळण्याची कलमबंदी

पहिला ‘कॉन्ट्रा’ कोणीही पुन्हा खेळतो. त्याला मार्गदर्शन लागत नाही. बोटे आपसूक चालतात. प्रश्न आहे तो दुसऱ्या भागाचा. ‘सुपर कॉन्ट्रा’ कोनामी कंपनीने १९८८ साली आर्केडसाठी काढला, १९९० साली घरच्या टीव्हीला जोडायच्या डब्यावर आणला, आणि आपल्याकडे तो नकली कॅसेटांच्या गर्दीतून कसाबसा पोचला. बहुतेकांनी एकदा लावला, “पहिल्यासारखा नाही,” म्हणाले आणि कॅसेट उपसली. हा अन्याय दूर व्हावा म्हणून पुढील आठ कलमे. तंजावरच्या रायर मंडळींनी, म्हणजे तमिळ शेजारी ज्यांना या नावाने ओळखतात त्या मराठी घरांनी, ती अमलात आणावीत. पुण्या-मुंबईकडच्यांनी निदान नजरेखालून घालावीत.

कलम पहिले : स्थळ

दुसरा भाग खेळायला तंजावरासारखे गाव नाही, कारण या मुलुखाला दुसऱ्या भागांची जुनी सवय आहे. राजराज चोळाने १०१० साली बृहदीश्वराचे देऊळ पुरे केले. मुलगा राजेंद्र याने कोल्लिडम नदीपलीकडे गंगैकोंडचोळपुरम वसवून तिथे तसेच देऊळ बांधले; शिखर मात्र बापाच्या देवळापेक्षा ठेंगणे ठेवले आणि त्याची सरळ रेघ मोडून तिला बाक दिला. युनेस्कोने थोरल्या देवळाला १९८७ साली जागतिक वारशात घेतले. धाकट्याला २००४ पर्यंत थांबावे लागले. पहिला ‘कॉन्ट्रा’ आर्केडमध्ये आला तेही साल १९८७च. यात दैवी संकेत शोधू नये, पण पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.

मराठ्यांचे तंजावर हाही दुसराच भाग. शहाजीराजांचे एक चिरंजीव पुस्तकात धड्यांवर धडे घेऊन बसले. दुसऱ्या चिरंजीवांच्या, तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या, वाट्याला तळटीप आली. पण तळटीप टिकाऊ निघाली. साताऱ्याची गादी १८४८ साली खालसा झाली, तंजावरची १८५५ साली. दुसरा भाग सात वर्षे जास्त चालला, याची नोंद खेळायला बसण्यापूर्वी मनात करून ठेवावी.

कलम दुसरे : साहित्य

जाड काचेचा जुना टीव्ही, डबा, दोन रिमोट, कॅसेट आणि तापला की वास सुटणारा ॲडॉप्टर. टीव्ही जाडच का, तर त्याच्या डोक्यावर तलैयाट्टी बोम्मै ठेवता येते. ही मान डोलावणारी तंजावरी बाहुली पंख्याच्या वाऱ्याने खेळाडूच्या प्रत्येक निर्णयाला होकार देते. घरातले दुसरे कोणी देणार नाही. चपट्या टीव्हीवर ती बसत नाही.

कॅसेट लागत नसेल तर तिच्यात फुंकर मारू नये. सगळ्यांनी मारली आहे, तरीही मारू नये. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात. चित्र येते ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, श्रेय मात्र फुंकरीला जाते. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पिना पुसाव्यात.

माळ्यावर डबा सापडला नाही तर २०१९ साली कोनामीने काढलेला कॉन्ट्रा-संग्रह घ्यावा. त्यात आर्केडचा ‘सुपर कॉन्ट्रा’ही आहे आणि घरगुती आवृत्तीही. निन्टेन्डोने २०१६ साली जुने तीस खेळ भरून जो चिमुकला डबा काढला, त्यात दुसरा भाग आहे, पहिला नाही. हे वाक्य पुण्याच्या आतेभावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचावे.

कलम तिसरे : मुहूर्त

मे महिन्यात अग्निनक्षत्र चालू असताना भर दुपारी बसू नये. ॲडॉप्टर आणि खेळाडू दोघेही बंद पडतात. संध्याकाळी आजींची मालिका असते, तेव्हा टीव्ही मागणे हा उद्धटपणा ठरतो. उरते ती पहाट. पहाटे कॉफी ताजी असते, आणि खेळात हरल्यावर तोंडून निघणारे शब्द समजायला घरात कोणी जागे नसते.

मूळ डब्यावर खेळ साठवून ठेवायची सोय नाही. स्टेजा आठ, सातव्या स्टेजला वीज गेली की पुन्हा पहिलीपासून. तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा ठेवायचा की टीव्ही, हा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावा, आणि तो पंख्याच्या बाजूने लागेल हे धरून चालावे.

कलम चौथे : मंत्र

इथे निम्मे लोक बाद होतात. पहिल्या भागात वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए असे दाबले की तीस लाइफ मिळत. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या माणसाने १९८६ साली ‘ग्रॅडियस’ तपासताना स्वतःच्या सोयीसाठी घातला, कारण तो खेळ त्यालाच जड जात होता. पुढे तो जगभर पाठ झाला.

दुसऱ्या भागात तो चालत नाही. इथला मंत्र वेगळा : उजवे, डावे, खाली, वर, ए, बी आणि मग स्टार्ट. मिळतात दहा लाइफ. मंत्र न म्हणणाऱ्याला तीन.

तीसच्या जागी दहा पाहून पुष्कळांचा दुसऱ्या भागावर राग बसतो. त्यांनी तंजावरच्या सरफोजीराजांचे उदाहरण घ्यावे. १७९८ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. धाकट्या भावाच्या हाती वायर न जोडलेला रिमोट द्यावा तसे ते राज्य. तरीही त्यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला, धन्वंतरी महालात औषधांवर काम करवले आणि भोसल्यांच्या वंशचरित्राचा शिलालेख १८०३ साली थेट मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. दहा लाइफ ही तक्रारीची बाब नाही.

कलम पाचवे : प्रत्यक्ष स्वारी

पहिल्या स्टेजला हेलिकॉप्टरमधून उतरावे आणि शेवटी दुसरे हेलिकॉप्टर पाडावे. दुसऱ्या स्टेजला सगळे एकदम वरून दिसू लागते, गच्चीवरून रस्ता पाहावा तसे. टीव्ही बिघडलेला नाही. तो ठोकू नये. सहाव्या स्टेजला हाच प्रकार पुन्हा होतो. पहिल्या भागातल्या पाठमोऱ्या, बोगद्यासारख्या स्टेजांच्या जागी ही योजना आहे.

एक गोळी लागली की एक लाइफ गेली आणि हातातली बंदूकही गेली. म्हणून एस अक्षराचा बिल्ला दिसताच घ्यावा. त्याच्या पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात आणि नेमबाजीचे अज्ञान झाकतात. एफकडे पहिल्या भागाच्या अनुभवावरून कोणी ढुंकून पाहत नाही. इथे बटण दाबून धरले की त्याची आग साठते आणि मोठी होऊन सुटते. जुन्या भागात निरुपयोगी ठरलेली वस्तू नव्या भागात तपासून पाहावी, हे या कलमाचे सार. शेवटच्या स्टेजांत भिंतीच मांसाच्या होतात आणि जमिनीतून तोंडे येतात. न्याहारी आधी उरकावी.

कलम सहावे : दोघांनी खेळणे

आपली गोळी जोडीदाराला लागत नाही. भांडण होते ते एसवरून : उडवला कोणी, घेतला कोणी. ज्याने उडवला त्याचा, हा नियम न्याय्य आहे आणि आजवर कोणीही पाळलेला नाही.

भावाभावांत हिश्शाचा प्रश्न या नदीकाठाला नवा नव्हे. १६७७ साली शिवाजीमहाराज दक्षिणेत आले, कोल्लिडमकाठी तिरुमलवाडीला दोघा भावांची भेट झाली, वडिलांच्या दौलतीचा वाटा निघाला आणि व्यंकोजीराजे एका रात्री मुक्काम सोडून नदीपार झाले. तेव्हा धाकटा भाऊ खेळ अर्धा टाकून रिमोट ठेवून उठला, तर त्याला भेकड म्हणू नये. परंपरा म्हणावे.

कलम सातवे : आक्षेप आणि उत्तरे

“माणसे कशाला मारतोस रे?” असे आजी विचारतील. युरोपातही हाच प्रश्न निघाला होता. तिथे हाच खेळ ‘प्रोबोटेक्टर २’ या नावाने विकला गेला आणि त्यात नायकांसह माणसांच्या जागी यंत्रमानव घातले गेले. आजींना तेवढेच सांगावे. जाड काचेच्या टीव्हीवर दोन्ही सारखेच दिसतात.

“जिंकून मिळते काय?” असे वडील विचारतील. त्यांना मल्लिपट्टिनमजवळच्या मनोऱ्याकडे न्यावे. इंग्रजांनी नेपोलियनला हरवले म्हणून सरफोजींनी १८१४-१५च्या सुमारास समुद्रकाठी हा आठ मजली बुरूज उभारला. लढाई दुसऱ्याची, शत्रू दुसऱ्याचा, मजले आठ. खेळाच्या स्टेजाही आठच. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात : विजयाला उपयोग लागत नाही, आणि खेळ धाकट्याने संपवला तरी थोरल्याला उत्सव करता येतो.

कलम आठवे : निकाल

खेळ संपल्यावर पाहुणा विचारणारच, “पण पहिल्याची सर आहे का?” तंजावरी मराठी माणसाला हा प्रश्न सवयीचा आहे. त्याची भाषा ऐकून, त्याचे सांबार चाखून, त्याचा इतिहास अर्धा ऐकून पाहुणे हेच विचारतात. तेव्हा चिडू नये, वंशचरित्र काढून वाचू नये, युनेस्कोही पुन्हा सांगू नये. त्याच्या हाती पहिला रिमोट द्यावा, नवा मंत्र सांगू नये, तीन लाइफवर त्याला हेलिकॉप्टरमधून उतरवावे आणि शांत बसावे. तो सवयीने वर-वर, खाली-खाली दाबील. दाबू द्यावे.

दुसऱ्या स्टेजच्या पुढे न गेलेल्या माणसाचे मत दफ्तरी दाखल करू नये. कॉफी मात्र त्यालाही द्यावी.