तोडल्याशिवाय कळणार नाही

जुन्या घराच्या स्वयंपाकघरात कॉन्ट्रॅक्टर पहिल्यांदा येतो तेव्हा ओट्याकडे बघत नाही. आधी छताकडे बघतो, मग मोरीकडे, मग भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि डॉक्टरच्या थाटात विचारतो, "हे केलंय कुणी?"

आमचं घर पुण्यातलं, पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६१ नंतर दोन-तीन वर्षांत बांधलेलं. ज्या गवंड्यानं ते बांधलं तो आता कुठला असायला! पण कॉन्ट्रॅक्टरला तो रोज लागतो. पुढं जे जे बिघडणार आहे त्याचं खापर फोडायला एक डोकं हवं आणि ते उलटून बोलणारं नसावं. भिंत ओळंब्यात नाही, त्यानं केलं. कोपरा गुण्यात नाही, त्यानंच केलं. नवं कपाट एका बाजूला अर्धा इंच तिरकं दिसतंय, "साहेब, कपाट सरळ आहे, घर तिरकं आहे."

या गृहस्थांना सगळा एरिया भाऊ म्हणतो. धुळीच्या कामावर पांढरा शर्ट घालून येणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. पट्ट्याला मेजरिंग टेप, कानावर सुताराची चपटी पेन्सिल, खिशात दोन फोन. त्यातला एक गिऱ्हाइकांचा. तो वाजतो, पण उचलायचा नसतो. दुसरा कधीही, कुठल्याही अवघड प्रश्नाच्या वेळी वाजतो आणि तो मात्र उचलावाच लागतो. भाऊंनी आम्हाला प्लायवुडवरचा ७१० चा शिक्का दाखवला. "मरीन आहे, पाण्याला भीत नाही." कपाटाच्या पाठीलाही हेच का, असं मी विचारलं आणि दुसरा फोन वाजला.

खर्चाचा अंदाज त्यांनी कागदावर दिला नाही, भिंतीवर लिहिला. पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत: तोडफोड, राडारोडा टेम्पोनं नेणं, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, ग्रॅनाइट, ट्रॉल्या. खाली दोन रेघा आणि बेरीज. "हे आपलं फायनल. भिंतच साक्षीला आहे." मला तो पारदर्शक व्यवहार वाटला.

भाऊंच्या शास्त्राचं एकच सूत्र आहे: तोडल्याशिवाय कळणार नाही. नळाचा पाइप कुठून गेलाय? तोडल्याशिवाय कळणार नाही. ही भिंत काढता येईल का? तिचं मात्र त्यांनी न तोडता सांगितलं. चौदा इंची आहे, वरचा स्लॅब तिच्यावर बसलाय, हात लावायचा नाही. बायकोला ओपन किचन हवं होतं. भाऊ म्हणाले, "वहिनी, ओपन होईल, पण मग वरूनही ओपन होईल." विषय तिथंच मिटला. ज्या भिंतीला हात लावायचा नाही तिला न लावणं, ही या माणसाची खरी विद्या. नुसत्या कॅटलॉगवर धंदा करणाऱ्या पोरांना ती येत नाही, हेही सांगून टाकतो.

तर तोडलं. कडाप्प्याच्या ओट्यामागून जुना लोखंडी पाइप निघाला. बाहेरून अर्धा इंची, आतून गंज चढून चढून बॉलपेनची रिफिल कशीबशी जाईल एवढंच भोक उरलेलं. तो तुकडा भाऊंनी आईपुढं धरला. "आई, इतकी वर्षं यातनं पाणी पीत होता तुम्ही."

"म्हणूनच मला कधी लोहाच्या गोळ्या लागल्या नाहीत," आई म्हणाली.

ओट्याच्या उंचीचा प्रश्न अवघड होता, कारण तो उंचीचा नव्हताच. जुना ओटा आईच्या मापाचा, सव्वादोन फुटांच्या जेमतेम वर. त्यावर वाकून वाकून बायकोची कंबर धरायची. हे मी ऐकत आलो होतो आणि ऐकून गप्प बसत आलो होतो. भाऊंनी बायकोला रिकाम्या जागी उभं केलं. "वहिनी, पोळी लाटताय असं समजा." ती हवेत पोळी लाटू लागली. भाऊंनी मान तिरकी करून तिचं कोपर पाहिलं, कोपराखाली सहा बोटं मोजली आणि भिंतीवर रेघ मारली. तेहतीस इंच.

"मग मी काय स्टुलावर उभी राहू?" आईनं विचारलं.

"आई, तुम्ही आता उभंच कशाला राहायचं? बसून ऑर्डर सोडायच्या."

घरातलं सत्तांतर असं एका पेन्सिलीच्या रेघेवर पार पडलं, कुणीही जेवण न सोडता. शिवाय जुन्या कडाप्प्याची लादी भाऊंनी टाकून दिली नाही. कडा घासून मागच्या अंगणात दोन विटांच्या खांबांवर बसवून दिली, आईला बसायला. त्याचे पैसे लावले नाहीत. ट्रॉल्यांत लावले असतील.

एवढं सगळं भराभर झालं आणि मग काम थांबलं. भाऊंची गाठ तीन राज्यांच्या पंचांगाशी असते. सुतार राजस्थानचा, तो होळीला जातो. गवंडी विजापूरकडचा, त्याच्या गावची जत्रा. फरशीवाला उत्तर प्रदेशचा, त्याच्या घरी कुणाचं ना कुणाचं लग्न. तिघं एका वेळी पुण्यात असणं हा दुर्मीळ योग, आणि तो आला तेव्हा ग्रॅनाइट आला नव्हता. आमचा गॅस तोवर हॉलमध्ये टीव्हीखाली होता. डाळीचा डबा पुस्तकांच्या कपाटात, मिसळणाचा डबा कोशांच्या शेजारी. भाऊ रोज सकाळी फोनवर म्हणायचे, "निघालेत माणसं." कुठून निघालेत, हे मी विचारायला हवं होतं. विजापूरहून निघत असत.

मग एके दिवशी सगळे उगवले. कटर किंचाळू लागला, मोरबीच्या टाइल्सची पांढरी धूळ पोह्यांवर खोबऱ्यासारखी बसली आणि भिंत झाकली गेली. भाऊ खिशातून रुपया काढून एकेक टाइल वाजवत गेले. जिथं पोकळ आवाज आला तिथल्या दोन टाइल्स त्यांनी तिथल्या तिथं उखडायला लावल्या. फरशीवाला कुरकुरला, पण ऐकलं. मी खूश झालो. एवढ्यात त्यांनी बिल पुढं केलं.

आकडा दीडपटीच्या पुढं होता. "भाऊ, आपलं फायनल ठरलं होतं. भिंतीवर लिहिलं होतं तुम्ही!"

"लिहिलं होतं ना," भाऊ शांतपणे टाइल्सकडं बघत म्हणाले, "आहे की अजून आतमध्ये."

थोडे पैसे मी अडवून धरले, कारण कोपऱ्यातली ट्रॉली उघडली की शेजारच्या दाराच्या मुठीला अडकते. भाऊंनी ते मान्य केलं, घर तिरकं असल्याची आठवण करून दिली आणि सुतार गावाहून आला की बघतो म्हणाले.

परवा दुपारी आम्ही जेवत असताना ते एका अनोळखी जोडप्याला घेऊन थेट आत आले. "बसा बसा, उठू नका. फक्त दाखवतो यांना." मग एकेक ट्रॉली सर्रकन बाहेर, हलकेच आत. ग्रॅनाइटवरून हात. मरीनचा शिक्का. "महिन्यात करून दिलं सगळं," भाऊ त्या बाईंना म्हणाले, "विचारा वहिनींना."

त्या बाईंनी बायकोकडं पाहिलं. मी बायकोकडं पाहिलं. आई पाणी प्यायली.

"काम चांगलं आहे हो यांचं," बायको म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?"

भाऊ कोपऱ्यातल्या ट्रॉलीला पाठ लावून उभे होते. चहा होईपर्यंत हलले नाहीत.